इन्सुलिनचं भावंड

चष्म्याच्या दुकानवाल्याला सकाळी उठवायचं म्हटलं की आता त्याच्या बायकोला धडकीच भरायची. अंगाला दरदरून घाम, डोळे उघडे आणि ओळख नाही. साखरेचं पाणी पोटात गेलं की माणूस हळूहळू भानावर यायचा, आणि सगळे असे काय बघताय म्हणून उलट तिलाच झापायचा.

याला मधुमेह नाही, मग साखर इतकी उतरते कशी, असं डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. घरात इन्सुलिन कोण घेतं?

घेत होती ती बायकोच, मधुमेह तिला होता. घरातच राहणाऱ्या नणंदेने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून इन्सुलिनची बाटली नणंदेच्या ताब्यात गेली, छोट्या फ्रिजला कुलूप लागलं, किल्ली नणंदेच्या कमरेला. स्वतःला सुई टोचून घ्यायची तीही नणंदेसमोर, चोरासारखी.

राग आला नाही असं नाही. पण रागापेक्षा भीती मोठी होती. हल्ली ती फार विसरायची. एकदा चहात मीठ घातलं, तर नवऱ्याने आठवडाभर तिची टर उडवली होती. अर्धवट झोपेत आपणच याला टोचत असलो तर? ती स्वतःचेच हात उशीखाली दाबून झोपू लागली.

कुलूप लागलं तरी साखर उतरायची ती उतरलीच. लपवलेली बाटली सापडते का म्हणून नणंदेने भावजयीचा शिवणाचा डबासुद्धा उपसला. शेवटी त्याला इस्पितळात ठेवलं, रक्त तपासलं, पोटाचा स्कॅन केला.

डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. रक्तात इन्सुलिन जवळजवळ नाहीच, कुणी टोचलेलं नाही, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाल्या, शरीरात वाढ घडवणारं एक प्रथिन असतं. त्याची घडण इन्सुलिनसारखीच, सख्ख्या भावंडांची चेहरेपट्टी जुळावी तशी. ते फार झालं की पेशी फसतात, त्यालाच इन्सुलिन समजून साखर ओढून घेतात. याच्या पोटात मोठी गाठ आहे आणि तीच ते सारखं बनवते आहे. गाठ पसरली आहे. काढता येईल असं वाटत नाही.

नणंद ढसाढसा रडली. कमरेची किल्ली काढून तिने भावजयीच्या मुठीत कोंबली.

"चुकलं माझं, वहिनी. नाही नाही ते मनात आणलं."

भावजयीने मूठ उघडून किल्लीकडे पाहिलं.

"मीच टोचत असते तर बरं झालं असतं, वन्सं," ती म्हणाली. "कुलूप लावून भागलं असतं."