सोंगट्या शिरवळला, मी वाळव्यात

मित्रांनो, मी एक जुना कॅरमबोर्ड आहे आणि मला गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. खेळ थांबला की माझ्या अंगाला मुंग्या येतात. पावडर लावून ठेवायची आणि गप्पा मारत बसायचं, असली माणसं मला मुळीच आवडत नाहीत. तुम्हीही तसले असाल तर ही गोष्ट जरा नेटानं ऐका.

माझा जन्म सांगलीतल्या एका सुताराच्या दुकानात झाला. फळी गुळगुळीत घासली, चारी बाजूंना जाड चौकट ठोकली आणि कोपऱ्यांत चार भोकं पाडली. मग त्यानं मला दुकानाच्या दारात टेकवून ठेवलं. येणारा-जाणारा बोटांनी टकटक करायचा आणि पुढं जायचा. तेव्हाच माझा जीव वैतागून गेला होता.

एके दिवशी केरबा आले. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीवर आलेला, ताठ चालीचा माणूस. त्यांनी वाकून माझ्या फळीवर गाल टेकवला, एक डोळा झाकून उतार आहे का पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो द्या." एसटीच्या टपावर बांधून मला वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या गावी नेलं. शेजारी उसाच्या कांड्यांची मोळी होती. वाटेत खड्डे म्हणाल तर विचारू नका.

घरी केरबांची बायको मनुबाई आणि दोन लहान पोरं होती. थोरला कृष्णात, धाकटा लालासाहेब. केरबांची एक लोखंडी पेटी होती. पलटणीत असल्यापासून त्यांनी पुस्तकं जमवून तिच्यात भरलेली. त्या पेटीवर मला ठेवलं आणि चौघांनी चार बाजूंना बसायचं ठरलं, पण मनुबाई बसायला तयार नव्हत्या.

"बाईमाणसानं बोटं मारत बसायचं व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोकांस्नी बी बोलावू," केरबा म्हणाले. "तू आदी बोट सैल सोड."

मित्रांनो, त्या बाईचा हात म्हणजे काय सांगू. भाकरी थापून थापून बोटांना असा अंदाज आला होता की स्ट्रायकर जिथं सांगावं तिथंच जायचा. वर्ष सरायच्या आत त्या केरबांना भारी पडू लागल्या. मग नवराबायको एका बाजूनं, पोरं दुसऱ्या बाजूनं असा डाव ठरून गेला. हरणाऱ्यानं पेटीतलं पुस्तक काढून सगळ्यांना वाचून दाखवायचं, हा केरबांचा नियम.

खरं सांगू का? त्या पुस्तकांचा मला राग यायचा. डाव संपला की मला उचलून बाजूला ठेवायचे आणि पेटी उघडायचे. पोरं वाचायची तेव्हा ठीक होतं, भराभर उरकायचं. मनुबाईंची पाळी आली की माझा जीव टांगणीला. चौथी शिकलेली बाई, एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. पण घरातलं कोणी कधी त्यांना "लवकर" म्हणालं नाही. केरबा तर डोळे मिटून असे ऐकायचे की मला आणखीच चीड यायची.

पोरं मोठी झाली. लालासाहेब शिरवळच्या एका कारखान्यात लागला आणि तिकडंच त्यानं घर केलं. कृष्णात उसात राहिला. दोघांना एकेक पोरगी झाली, कृष्णातला दीपमाला, लालासाहेबला रेश्मा. सुट्टीत सगळे जमले की माझ्याभोवती जागा पुरायची नाही. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग वाटणी आली. दोघा भावांत भांडण काही नव्हतं, पण पुढंमागं काही व्हायला नको म्हणून भावकीतल्या कोंडीबांना मध्ये घेतलं. हा माणूस वाटणीत लय कडक. हंडा एकाला तर घागर दुसऱ्याला, म्हैस एकाला तर रेडकू दुसऱ्याला. शेवटी माझ्यावर आले. बोर्ड दोघांनाही हवा होता.

"त्यात काय अवगड हाय?" कोंडीबा म्हणाले. "बोर्ड थोरल्याला, सोंगट्या आन् स्ट्रायकर धाकट्याला. समसमान."

आणि ती शहाणीसुरती माणसं चक्क माना डोलावून मोकळी झाली. पुस्तकांचंही तेच. एक मोठं दोन भागांचं पुस्तक होतं, त्याचा पहिला भाग इथं ठेवला आणि दुसरा शिरवळला धाडला.

पण मित्रांनो, खरी गंमत पुढंच आहे, आणि ती गंमत नाही. आईबापाचा भार एकावरच नको म्हणून केरबा कृष्णातकडं आणि मनुबाई लालासाहेबकडं, असं ठरलं. त्यांना विचारलं नाही असं नाही. "चालंल न्हवं?" असं विचारलं. दोघंही म्हणाले, "चालंल." म्हातारी माणसं चालेल म्हणाली की पोरांना ते खरं वाटतं.

त्यानंतर मी दाराआड उभा. अंग आंबून गेलं. कृष्णातच्या बायकोनं माझ्यावर एकदा कुरडया वाळत घातल्या, एकदा पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. फळीला पोक आला. दीपमाला बाटल्यांची बुचं घेऊन माझ्यावर खेळायला बसायची, पण बुचं ती बुचंच, सरकतात कुठं? ती कंटाळून उठायची आणि मी मनातल्या मनात तडफडायचो.

केरबा मात्र अधूनमधून मला पेटीवर ठेवायचे. फडक्यानं पुसायचे, पावडर लावायचे आणि समोरच्या रिकाम्या बाजूकडं बघत बसायचे. शिरवळहून फोन यायचा.

"जेवलासा का?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

एवढंच. मग फोन ठेवायचे आणि मला पुन्हा दाराआड उभं करायचे. मला वाटायचं, ओरडून सांगावं, अरे बाबांनो, ह्या दोघांना एकत्र आणा. पण लाकडाचं कोण ऐकतं?

यंदा गावच्या जत्रेला लालासाहेब गाडी घेऊन सगळ्यांना घेऊन आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याची पहिली पाळी, म्हणून सांजच्यालाच परत निघायचं होतं. देवाला नारळ फुटला, जेवणं झाली. मनुबाईंची पिशवी गाडीत ठेवून झाली. तेवढ्यात रेश्मानं आपल्या पिशवीतून सोंगट्यांचा डबा काढला. तिनं तो कोणाला न विचारताच आणला होता. दीपमालानं मला दाराआडून ओढलं, पेटीवर ठेवलं.

"आबा, आज्जी, बसा की," रेश्मा म्हणाली.

लालासाहेबनं घड्याळ बघितलं. "एकच डाव. त्यो संपला की निघू, आई."

नवराबायको समोरासमोर बसले. दोन्ही भाऊ दोन बाजूंना. माझ्यावर सोंगट्या पडल्या आणि मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. डाव जोरात चालला. पोकामुळं एखादी सोंगटी वाकडी जायची, तरी धाडधाड भोकं भरत होती. राणीही गेली. बघता बघता दोन्हीकडं एकेकच सोंगटी उरली.

मनुबाईंची पाळी. सोपा नेम होता. स्ट्रायकर सोंगटीच्या बाजूनं चांगला वीतभर लांबून गेला.

"सवय मोडली तुजी," कृष्णात हसला.

मग त्याचा स्वतःचा नेम हुकला आणि केरबांची पाळी आली. त्यांचाही स्ट्रायकर लांबून गेला. मला बोट लागतं ना, मित्रांनो, म्हणून मला कळतं. चुकलेला हात वेगळा आणि चुकवलेला हात वेगळा. दोघं मुद्दाम चुकवत होते. डाव संपला की गाडी सुटणार होती.

मग लालासाहेबची पाळी. त्याची सोंगटी भोकाच्या तोंडाशीच होती. त्यानं नेम धरला आणि सहज वर बघितलं. मनुबाई सोंगटीकडं बघत नव्हत्या, त्याच्या बोटाकडं बघत होत्या. त्याचा हात थबकला. त्यानं स्ट्रायकर भलतीकडंच मारला. कृष्णातनं भावाकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि आईमागून आपली पाळी आल्यावर त्यानंही चुकवला.

"काका, पप्पा, काय चाललंय तुमचं?" दीपमाला म्हणाली. "मी डोळं झाकून घालवीन ती सोंगटी."

पुन्हा फेरी झाली. पुन्हा चौघंही चुकले. आयुष्यभर डाव भराभर संपावा म्हणून तळमळणारा मी, त्या दिवशी मात्र तो संपूच नये असं म्हणत होतो.

शेवटी लालासाहेबनं स्ट्रायकर खाली ठेवला. "आई, तुला यायचं न्हाई का?"

"यायचं की. डाव संपला की यायचं."

"मग संपव."

"न्हाई संपत रं," मनुबाई म्हणाल्या.

"माझ्याच्यानं बी न्हाई संपत," केरबा म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

मग कृष्णात हळूच म्हणाला, "लाला, आपुन लय वाईट केलं. ठेवलं तर दोगास्नी बी हितं ठेवू, न्यायचं तर दोगास्नी बी ने. एकट्याला न्हाई."

लालासाहेब उठला. गाडीकडं गेला आणि मनुबाईंची पिशवी घेऊन परत आला. ती त्यानं केरबांच्या खाटेखाली सरकवली.

"आता मार," केरबा म्हणाले.

मनुबाईंनी पदरानं डोळे टिपले, बोट लावलं आणि सोंगटी सरळ भोकात घातली.

आता ती दोघं ऊस तुटेपर्यंत गावात असतात आणि उन्हाळ्यात शिरवळला. मी, सोंगट्या आणि पेटीतली पुस्तकं त्यांच्याबरोबर गाडीत असतो. माझा पोक काही गेला नाही, पण तक्रार नाही. मित्रांनो, वाटण्या होतात, घरं वेगळी होतात, त्याला इलाज नाही. तुमच्या घरी कपाटामागं माझ्यासारखा कोणी उभा असेल तर त्याला बाहेर काढा, पुसा, पावडर लावा. आणि पहिला स्ट्रायकर मारायच्या आधी घरातलं कोण अजून येऊन बसलेलं नाही, ते बघा आणि त्याला हाक मारा.