रकाना नऊ

इतिहासाच्या बाईंनी वंशसंहार आणि ज्यूद्वेष हा धडा त्या आठवड्यात सहापैकी पाच तुकड्यांना शिकवला. पस्तीस मिनिटांच्या तासात साठ लाख माणसं बसवायची, म्हणजे मिनिटाला पावणेदोन लाख, हजेरी वगळून. पाचव्या तुकडीपर्यंत त्यांचा घसा बसला आणि माणसांवरचा विश्वासही. घशासाठी निदान गोळ्या मिळत होत्या.

मधल्या सुट्टीत वरून तक्ता आला : 'जबाबदार नागरिकत्व – परिणाम अहवाल'. सातव्या रकान्यात मुलांच्या मनातला द्वेष धड्याआधी किती आणि नंतर किती, ते टक्क्यांत लिहायचं होतं. बाईंनी चाळीस आणि बारा लिहिलं. शून्य लिहिलं की तपासणी येते.

रकाना नऊ : वर्गातील ज्यू विद्यार्थी, नावानिशी.

बाईंचं पेन थांबलं. नाव एकच होतं, आणि तेही त्यांना कालच कळलं होतं. शेवटच्या बाकावरची चष्मेवाली फळा पुसायच्या निमित्ताने रेंगाळली आणि फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली होती, "बाई, ते लोक म्हणजे आम्ही. माझे पणजोबा छावणीत न्यायच्या यादीत होते. कुणाला सांगू नका हं."

बाई रकाना नऊ दाखवायला मुख्याध्यापकांकडे गेल्या. मोठे सर तसे गोड माणूस.

"अहो, चांगल्यासाठीच आहे! त्या मुलांना सगळ्या शाळेसमोर उभं करून गुलाब देणार आहोत. मी आत्ताच स्पीकरवरून सांगितलं."

"सर, तेव्हाच्या याद्याही कचेरीतच झाल्या होत्या. सुवाच्य अक्षरात. मी हेच शिकवलंय, पाच वेळा."

"मग धडा झाला की तुमचा! आता तक्ता भरा. वेळेत गेला नाही तर शाळा बेजबाबदार ठरेल."

'निरंक' लिहून सुटता आलं असतं. पण ज्या घरातली माणसं एकदा पुसली गेली, त्या घरातल्या पोरीला पुन्हा पुसायला बाईंचा हात धजेना. त्यांनी रकाना रिकामा ठेवला. धाडस वगैरे काही नव्हतं. अंगात दुसरं काही करायचं त्राणच उरलं नव्हतं.

रिकामा रकाना दिसला की हेडक्लार्क काकांचं पित्त खवळायचं. स्वतःच्या लग्नपत्रिकेत नवरीच्या मामांच्या जागी त्यांनी 'लागू नाही' छापून घेतलं होतं म्हणे.

"बाई, नऊ राहिला."

"राहू दे, काका."

"का?"

"का ते सांगितलं, तर भरल्यासारखंच होईल."

काकांनी तक्ता पुढे ओढला. मग त्यांनी 'अपूर्ण'चा शिक्का मारला.

"अपूर्ण कागद पुढे पाठवता येत नाही. नियम आहे." त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि तक्ता सगळ्यात खाली सारला.

"मोठे सर विचारतील."

"प्रक्रियेत आहे म्हणेन. माझा बदलीचा अर्ज अकरा वर्षं इथेच प्रक्रियेत आहे."

जिन्यात चष्मेवाली उभी होती. स्पीकर तिनेही ऐकला होता.

"बाई, माझं नाव दिलंत?"

"नाही."

"पण परत मागतील ना?"

"मागतील." बाईंनी वह्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मी परत रिकामाच देईन. चल, माझी सहावी तुकडी राहिलीय."