दुसरी सही

"साहेब, आईला जागा पायजे. आजच. गाववाले मसनात नेऊ देत नाय," मिथुन म्हणाला. द्रोणागिरीच्या गोदामातून तसाच आला होता, अंगात कामावरचा शर्ट. "बोलतात, ती आता तुमची झाली."

आमची! मी पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये कारकून. अठरा वर्षं बाप्तिस्मे, लग्नं, मयती नोंदवतोय. मिथुनच्या आईचं, कृष्णाबाईचं नाव माझ्या एकाही रजिस्टरात नव्हतं.

सहा वर्षं ती दर रविवारी यायची. एरवी कामोठ्यात मासळी विकायची. कोळणीनं रविवारचा धंदा सोडायचा म्हणजे काय, ते मासे खाणाऱ्यालाच कळेल. न्हाऊन, अबोलीची वेणी माळून शेवटच्या बाकावर बसायची, तरी पुढच्या बायका नाकाला रुमाल लावायच्या. आणि समोर भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं, शुभवर्तमान सर्व लोकांसाठी!

तिला वाचता येत नव्हतं. उपासना संपली की माझ्या टेबलाशी येऊन माझ्याकडून बायबल वाचून घ्यायची. रथातून निघालेला तो परमुलखातला दरबारी तिच्या फार आवडीचा. वाटेत पाणी दिसतं, तो विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला हरकत काय? आणि रथ तिथंच थांबतो.

"बगा भाऊ, त्याला कोनी कागद नाय मागला," ती हसून म्हणायची. "आमी तर पान्यावरचीच मानसं. मंग माजंच कुटं अडलंय?"

सहीवर अडलं होतं. बाप्तिस्म्याच्या अर्जावर चर्चच्या दोन सभासदांची शिफारस लागते. एक सही रोडपालीच्या सुनंदाबाईंनी केली. दुसरी कुणी करेना. मी सभासद होतो, पेन माझ्याच खिशात होतं. पण चर्चच्या अध्यक्षांना कोळीवाड्याशी वाकडं नको होतं आणि मला नोकरी हवी होती. "पुढच्या मीटिंगला बघू," म्हणायचो. तिनं अर्ज दिल्यापासून चार वर्षं नुसता बघत बसलो मेला!

मिथुनसमोरच अध्यक्षांना फोन लावला.

"दयाराम, रजिस्टरात नाव आहे का? नाही ना? मग कब्रस्तानात जागा कशी देणार? नियम म्हणजे नियम."

मी फाइलमधून अर्ज काढला. तिच्या अंगठ्याशेजारी, दुसऱ्या रिकाम्या ओळीवर सही केली.

"आता करून काय होनार, साहेब?" मिथुननं विचारलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मी मिथुनबरोबर त्याच्या घरी गेलो. दुपारी गावचे पंच मसन द्यायला तयार झाले. अट एकच, तिच्या गळ्यातला क्रूस काढायचा आणि प्रार्थना म्हणायची नाही.

"काय करू सांगा. उन्हाचं आईला किती येल ठेवू?" एवढं बोलून मिथुन रडला. त्यानंच दोरा सोडला आणि क्रूस माझ्या हातावर ठेवला.

गावकऱ्यांनी मला स्मशानाबाहेर, खाडीच्या काठी थांबायला सांगितलं. तिकडं धूर निघाला. प्रार्थना मनातल्या मनात म्हणायला गेलो, तीही अर्ध्यावर राहिली. तेवढ्यात भरती चढली. पाणी माझ्या चपलांपर्यंत आलं, मग घोट्यांपर्यंत.

खिशात अर्ज होता. त्यावर आता दोन्ही सह्या होत्या.