पेपरमिंटचे बारा लिफाफे

कंटेनर हवेत लटकत असताना क्रेन सोडून उतरता येत नाही. बारा मजले उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये ताई दोन्ही हातांत दोन दांडे धरून बसली होती. पायाखालच्या काचेतून तिला जहाजाचं उघडं पोट दिसत होतं, आणि स्वतःच्या पोटात कळा येत होत्या.

"ताई, डावीकडे घ्या. अजून थोडं," वॉकीटॉकीवर खालून आवाज आला. हा शिट्टी. वॉकीटॉकी येण्यापूर्वी तो धक्क्यावर उभा राहून शिट्टी वाजवून इशारे द्यायचा. शिट्टी गेली, नाव राहिलं.

"घेते."

"थांबलात का, ताई?"

"वारा आहे."

वारा नव्हता. कळ ओसरेपर्यंत ती थांबली, मग कंटेनर ट्रेलरवर ठेवला, पकड सोडवली आणि म्हणाली, "मी खाली येतेय."

"परत?"

"परत."

सकाळपासूनची ही चौथी वेळ. पिंजऱ्यासारख्या लिफ्टला खाली यायला चार मिनिटं लागत आणि धक्क्याच्या टोकाला असलेल्या स्वच्छतागृहापर्यंत चालत आणखी तीन. तेवढा वेळ जहाज नुसतं उभं. ट्रेलरची रांग गेटपर्यंत गेलेली असे. ड्रायव्हर लोक तिच्याकडे बघत नाहीत असं दाखवत, आणि ते बघण्यापेक्षा वाईट होतं.

त्या दुपारी फोरमनने तिला ऑफिसमध्ये बोलावलं. एकेकाळी दोघांनी याच क्रेनवर एकत्र शिक्षण घेतलं होतं. पुढे तो खाली आला, ती वरच राहिली. एकवीस वर्षं.

"बसा ताई. चहा घ्या."

"चहा नको. बोला."

"काही दिवस गेटवर बसा. कंटेनरची सीलं तपासायची, बाकी काही नाही. तीन आठवड्यांनी वैद्यकीय मंडळ बसतंय, ते काय ते ठरवेल."

"माझं काम चुकलं का कुठे?"

"काम कसलं चुकतंय. पण सगळ्या तपासण्या झाल्या, रक्त झालं, दुर्बीण घालून झाली. काही सापडत नाही. सुट्टीच्या दिवशी तुमचं पोट ठणठणीत, आणि वर चढलात की बिघडतं. याचा अर्थ काय?" त्याने आवाज खाली आणला. "उंचीची भीती कधीही बसते, ताई. त्यात लाजायचं काही नाही. मलाही बसली होती. उतरलोच ना मी?"

"मला भीती वाटत नाही."

"भीती वाटणारा माणूस हेच म्हणतो."

हो म्हटलं तरी भीती, नाही म्हटलं तरी भीती. तिने वॉकीटॉकी टेबलावर ठेवला आणि गेटवर गेली.

गेटवर तिसऱ्याच दिवशी तिचं पोट पूर्ण बरं झालं. एवढं वाईट तिला आजारपणातही वाटलं नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरांनी तिच्या कागदावर लिहिलं, 'उंचीशी निगडित मानसिक ताणाची शक्यता', आणि शाई वाळायच्या आत ही बातमी धक्काभर झाली. गेटवर थांबलेला एक ट्रेलरवाला तिला म्हणाला, "खालची हवा मानवली वाटतं, ताई." तो चांगल्या मनानेच बोलला होता. ती सील तपासत राहिली.

घरी ती आणि सासूबाई, दोघीच. नवरा मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता आणि वर्षातले आठ महिने समुद्रात असे. सासूबाईंनी चौतीस वर्षं परीक्षा विभागात काढली होती. प्रश्नपत्रिका मोजायच्या, लिफाफ्यात घालायच्या, लाखेचं सील लावायचं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी घरातलं कुठलंही पाकीट उघडण्यापूर्वी त्या ते उलटसुलट करून कुणी आधी फोडलंय का ते बघत.

त्या रविवारी सासूबाई तासाभरात तिसऱ्यांदा संडासातून बाहेर आल्या आणि भिंत धरून खुर्चीत टेकल्या.

"आई, काय झालं? काय खाल्लंत?"

"तू जे खाल्लंस तेच. माझं पोट काय तुझ्याशी सहानुभूती दाखवतंय की काय कोण जाणे."

"वेगळं काहीच नाही?"

"नाही गं. तुझे कामाचे कपडे धुवायला काढले, त्यात त्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. शब्दकोडं सोडवता सोडवता त्या तेवढ्या चघळल्या. ते काय खाणं झालं?"

ताई पाणी आणायला वळली होती, ती तिथेच थांबली.

"किती चघळल्यात?"

"पाकीट संपलं. बारा-चौदा असतील. आता गोळ्यांचा हिशेब मागणार आहेस का?"

ताई त्यांच्यासमोर खाली जमिनीवरच बसली. क्रेनवर पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट दांडे धरण्याची नसते. पाणी पिऊ नका, हे शिकवतात. वर स्वच्छतागृह नाही आणि एक माणूस उतरला की सगळा धक्का थांबतो. म्हणून सगळे क्रेनवाले तोंडात गोळी ठेवतात, जीभ ओली राहते आणि तहान मागे पडते. ताईच्या कामाच्या एका पाळीत पंचवीस गोळ्या सहज होत. वीस वर्षं त्या साखरेच्या होत्या. मग दोन दाढा गेल्या. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सोडवत नसतील तर निदान बिनसाखरेच्या खा. त्याला आठ महिने झाले होते. पोट बिघडायला लागलं त्यालाही आठ महिनेच. आणि पोट बिघडलं म्हणून तिने गोळ्या वाढवल्या होत्या, कारण पुदिना पोटाला बरा.

काय खाता, असं तिला पाच डॉक्टरांनी विचारलं होतं. तिने डब्यातला प्रत्येक घास सांगितला. पेपरमिंट सांगितलं नाही. लपवलं नव्हतं. धक्क्यावर पेपरमिंटला कुणी खाणं म्हणतच नाही. गेटवर पाणी हाताशी होतं, चहा होता, तिथे गोळीची आठवणही झाली नाही. घरीही नाही.

सासूबाईंनी भिंग मागवलं. पाकिटाच्या घडीखाली, दुमडलेल्या कडेवर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, "सॉर्बिटॉल आहे. जास्त प्रमाणात खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात." भिंग खाली ठेवलं. "म्हणजे मला उंचीची भीती नाही बसलेली. मी म्हटलं, जन्मात स्टुलावर चढले नाही, ही बसली कुठून."

ताई हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती अशी हसली की पोट दुखलं, आणि ते दुखणं वेगळं होतं.

"उद्याच जाऊन सांगते मी फोरमनना."

"सांग. आणि ते काय म्हणतील ते मी आत्ताच सांगते. म्हणतील, ताईला निमित्त हवं होतं, ते सापडलं. गोळ्या सोडल्या आणि बरं वाटलं, तर म्हणतील मनाने घेतलं. गोळ्या खाल्ल्या आणि बिघडलं, तरी मनानेच घेतलं." सासूबाईंनी पाणी संपवलं. "तुझ्या मनालाच कळू द्यायचं नाही कुठली गोळी आहे ती. पेपर फुटला नाही तर निकालावर कुणी बोट ठेवत नाही."

त्याच कंपनीच्या साखरेच्या गोळ्याही बाजारात मिळत होत्या, आकाराने आणि रंगाने तशाच. सासूबाईंनी दोन्ही आणल्या, सगळ्यांचे कागद सोडवले आणि एकसारख्या पांढऱ्या कागदात पुन्हा गुंडाळल्या. बारा दिवसांचे बारा लिफाफे, प्रत्येकात वीस गोळ्या. सहा लिफाफे साखरेचे, सहा बिनसाखरेचे. कुठल्या दिवशी कुठला, ते बारा चिठ्ठ्या काढून ठरवलं, तेही ताई कामावर असताना. यादी तेराव्या लिफाफ्यात गेली. कपाटाच्या तळाशी कुठेतरी अजून लाखेची कांडी होती. घरभर तो वास पसरला तेव्हा सासूबाई दहा वर्षांनी तरुण दिसत होत्या.

ताईने एक वही केली. रोज पाचव्या गोळीनंतर लिहायचं, आज कुठल्या गोळ्या असाव्यात. हा तिचा अंदाज. मग दिवसभर लिहायचं, किती वाजता काय झालं. बाकी खाणं रोज तेच आणि तेवढंच. पुदिन्याचा झणका इतका होता की चव ओळखणं कठीण होतं. गेटवर ती सीलं तपासत राही आणि गोळ्या चघळत राही. आज पोट बिघडावं अशी इच्छा करणारी धक्क्यावर ती एकटीच असावी. मग तिला वाटे, इच्छा करणंसुद्धा बरोबर नाही, आणि ती पुन्हा सीलांकडे वळे.

मंडळाच्या दिवशी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून बरोबर निघाल्या.

"नातेवाइकांनी बाहेर बसायचं," दारावरचा शिपाई म्हणाला.

"मी नातेवाईक नाही. परीक्षा विभाग," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये वयस्कर डॉक्टरीणबाई, एका बाजूला सुरक्षा अधिकारी, दुसऱ्या बाजूला फोरमन. ताईने पाच वाक्यांत सगळं सांगितलं. सुरक्षा अधिकाऱ्याच्या ओठांवर हसू येऊन गेलं.

"पेपरमिंट," तो म्हणाला.

"आधी वही टेबलावर," सासूबाई म्हणाल्या. "सही करा तिच्यावर तिघांनी, म्हणजे नंतर खाडाखोड झाली असं व्हायला नको. मग मी लिफाफा फोडते. सील बघून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी सील खरोखरच बघितलं, उजेडाकडे धरून. तिघांनी सह्या केल्या. मग फोरमन वहीतून वाचू लागला आणि डॉक्टरीणबाई यादीतून.

"पहिला दिवस. पोट ठीक."

"साखर."

"दुसरा दिवस. चार वेळा, साडेअकरापासून."

"बिनसाखरेची."

"तिसरा. पाच वेळा."

"बिनसाखरेची."

"चौथा. ठीक."

"साखर."

सुरक्षा अधिकारी आता पुढे वाकून यादीत डोकावत होता. पाचवा, सहावा. सातव्या दिवशी फोरमन अडखळला. "सकाळी दोन वेळा. दुपारनंतर ठीक."

"साखर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि चष्म्यावरून ताईकडे पाहिलं. "हा दिवस जुळत नाही."

"नाही जुळत," ताई म्हणाली. "आदल्या दिवसाचं उरलेलं असेल, असं मला वाटतं. पण ते मी वहीत लिहिलं नाही. झालं तेवढंच लिहिलं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि पुढे वाचलं. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, सगळे जुळले.

"आणि तुमचे अंदाज?"

"बारातले सहा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते."

"म्हणजे तुमच्या मनाला काही कळलं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि आतड्याला कळलं होतं." मग त्या बाकी दोघांकडे वळल्या. "सॉर्बिटॉल आतड्यात नीट शोषलं जात नाही. ते पाणी ओढून घेतं. दोन-चार गोळ्यांनी बहुतेकांना काही होत नाही, पंचवीस म्हणजे जुलाबाचं औषध झालं. तपासणीत काही सापडणार नाही, कारण आतडं निरोगी आहे. माझं याच्यावर म्हणणं एवढंच, की इतकी स्वच्छ नोंद माझ्याकडे शिकाऊ डॉक्टरही आणत नाहीत."

"लिफाफे माझे आहेत," सासूबाई म्हणाल्या.

फोरमन वही बंद करायची विसरला होता. "बाई, या गोळ्या मधुमेहवाले पण खातात ना?"

"खातात."

"मी खायचो. वर होतो तेव्हा. साखर निघाली म्हणून दोन वर्षं याच खाल्ल्या." तो ताईकडे न बघता बोलत होता. "माझंही पोटच होतं, ताई. मी कुणाला सांगितलं नाही. भीती वाटते म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत."

सासूबाईंनी उठून त्याच्यापुढचा पाण्याचा पेला जरा जवळ सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म ओढला. जुन्या शेऱ्यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'केबिनमध्ये काम करण्यास योग्य'. मग आणखी एक ओळ लिहिली, ती सुरक्षा अधिकाऱ्यासाठी होती. केबिनमध्ये पिण्याचं पाणी ठेवावं आणि दर दोन तासांनी बदली चालक द्यावा.

"दर दोन तासांनी?" तो म्हणाला. "आजवर कुणी मागितला नाही."

"मी मागतेय," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती वर गेली. लिफ्टचं दार तिच्यामागे लागलं तेव्हा खालून शिट्टीने हात वर केला. केबिनमध्ये कोपऱ्यात पाण्याची बाटली होती, तिच्यावर फोरमनच्या अक्षरात 'प्यावे' असं लिहिलेलं. ती खुर्चीत बसली, पट्टा लावला आणि पायाखालच्या काचेतून बघितलं. जहाज तिथेच होतं, समुद्र तिथेच होता. हात दांड्यांवर गेले आणि हातांना काहीच आठवावं लागलं नाही.

पहिला कंटेनर, दुसरा, दहावा. तासाला सत्तावीस पडले. आदल्या तीन आठवड्यांत धक्क्यावर बाविसाच्या वर कुणी गेलं नव्हतं. नऊ वाजता बदली चालक आला, ती सावकाश खाली उतरली, चहा प्यायली, परत वर गेली. ट्रेलरची रांग कुठेही थांबली नाही.

पाळी संपायला पाच मिनिटं होती. वॉकीटॉकीवर फोरमन स्वतः होता. "ताई, पुरे आता. उतरा."

"हा एक ठेवते."

शेवटच्या कंटेनरमध्ये काच होती, वीस टन. तिने तो जहाजाच्या पोटातून उचलला, पाण्यावरून आणला, ट्रेलरच्या वर आणून झुलायचा थांबेपर्यंत धरला आणि खाली सोडला. पकड सुटून वर निघाली. खालचा ट्रेलरवाला गाडीत वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने पान उलटलं आणि खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं, "अहो शिट्टी, अजून किती वेळ लावणार?"

"निघ तू," शिट्टी म्हणाला. "कधीच ठेवलाय."