गाळातली जोडी

वर्षभर वर्गात सुकन्याला कुणी सुकन्या म्हणून हाक मारली नव्हती. म्हैस. घोडेगावची म्हैस. फारच लाडात आले तर म्हशे.

आणि हे सगळं धनश्रीमुळे. मागच्या सहलीला वॉटरपार्कमध्ये सुकन्या घसरगुंडीवरून जी सुटली ती थेट पाण्यात. नाकातोंडात पाणी, डोळे वटारलेले आणि तोंड हे एवढं मोठं उघडं. धनश्रीने नेमका तेव्हाच फोटो काढला आणि बस नगरला पोचायच्या आत त्याचा स्टिकर केला. खाली लिहिलं, 'घोडेगावची म्हैस, पाण्यात बैस.' सुकन्याचे वडील घोडेगावच्या बाजारात म्हशींचे व्यापारी, त्यामुळे तो स्टिकर वर्गाला फारच आवडला. कुणी उशिरा आलं की तो स्टिकर. गणितात कुणी आपटलं की तो स्टिकर. कुणाचा वाढदिवस असला तरी केकच्या बाजूला सुकन्याचं उघडं तोंड. सुकन्या फोटोत दात झाकून हसायला शिकली. मग हसायचीच बंद झाली.

पण ही झाली दिवाळीपर्यंतची सुकन्या.

दिवाळीला ती मामाकडे गेली. मामा म्हणजे गोरक्षनाथ. भंडारदऱ्याला धरणाच्या काठावर त्याचे तंबू आहेत आणि पर्यटकांसाठी कयाक आहेत, लांबट, हलक्या, वल्ह्याने चालवायच्या होड्या. पहिल्या दिवशी सुकन्या काठावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मामाने तिला उचलून होडीत ठेवलं आणि सरळ ढकलून दिलं. सुट्टी संपेपर्यंत तिच्या तळहाताला घट्टे पडले होते, दंड टणक झाले होते, आणि मधल्या बेटाला ती एका दमात फेरी मारून येत होती. घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून तिने तोंड वासून पाहिलं. काय वाईट आहे? चांगले बत्तीसच्या बत्तीस दात आहेत!

शाळेची या वर्षीची सहल भंडारदऱ्याला ठरली तेव्हा सगळा वर्ग ओरडला, "म्हशे, पाण्यात बैस!" सुकन्या पण हसली. वर्षात पहिल्यांदा. धनश्रीने तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. पाहू दे. सुकन्याने मनात ठरवून टाकलं होतं: जसंच्या तसं. तोंड, फोटो, स्टिकर, सगळं.

सहलीच्या दिवशी सकाळी धरणावर असं ऊन पडलं होतं की थंडी वाजतेय आणि डोळे दिपतायत, दोन्ही एकदम. पाणी निळंशार, पलीकडे डोंगरांच्या रांगा, आणि मध्ये ते बेट उन्हात पाठ शेकत बसलेलं. मामाने सगळ्यांना लाइफ जॅकेटं घातली, पट्टे स्वतःच्या हाताने आवळले.

"मागं बसणारा नाव वळवितो, पुढं बसणारा नुसतं वल्हं मारतो," मामा सांगत होता. "ज्याला येतं त्यानं मागं. आनि बेटावं खडकाच्या बाजूनंच उतरायचं. ध्यानात आलं का?"

ध्यानात कुणाच्याच आलं नाही, कारण सगळे मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवण्यात दंग होते.

"सर," सुकन्या कल्याण सरांजवळ जाऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "धनश्रीला माझ्या पुढं बसवा ना. तिला येत नाही. मी सांभाळते तिला."

"शाबास!" सर म्हणाले. "याला म्हणतात मैत्री."

धनश्री नाक मुरडत पुढे बसली. "ए म्हशे, बुडवू नकोस हं. माझे केस धुतलेत."

"न्हाई बुडवत," सुकन्या म्हणाली. आणि ते खरंच होतं. बुडवायचा तिचा विचारच नव्हता.

निघाल्या. बाकीच्या होड्या गोल गोल फिरत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या. वर्गातल्या हर्षलची होडी तर उलट फिरून काठालाच परत गेली. सुकन्याची होडी मात्र सुरीसारखी पाणी कापत सुटली. धनश्रीने चार वल्ही मारली, मग वल्हं मांडीवर ठेवून सेल्फी काढायला लागली. तिच्या डोक्यामागून सुकन्या बघत होती आणि एकटीच वल्हं मारत होती. हात दुखत नव्हते. राग असला की हात दुखत नाहीत, हे तिला आजच कळलं.

"आपण पहिल्या!" धनश्री ओरडली. "पटकन लाव ना, मला सगळे यायच्या आत रील करायचीये. बेटावर पहिलं पाऊल!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. धरणाचं पाणी दिवाळीनंतर खाली सरकत जातं आणि काठाला नुसता गाळ उघडा पडतो. वरून उन्हाने वाळलेला, भेगा पडलेला, तव्यावरच्या भाकरीसारखा. जुना गाळ पक्का असतो, त्यात लोक हरभरा पेरतात. पण कालपरवा उघडा पडलेला गाळ वरून तेवढाच कोरडा दिसतो आणि खाली असतो नुसता लगदा. बेटाच्या दोन खडकांमध्ये अशीच एक खोबण आहे. सुकन्याला पक्कं माहीत होतं, कारण दिवाळीत, तिथे अजून पाणी होतं तेव्हा, ती स्वतः मांडीपर्यंत रुतली होती. मांडीपर्यंतच. खाली खडक लागतो.

तिने वल्हं डावीकडे दाबलं. होडीचं नाक खोबणीत शिरलं.

"इथे उतरू?" धनश्रीने विचारलं.

सुकन्याच्या जिभेवर 'नको' आलं होतं, खोटं कशाला बोला. पण त्याच्यामागून ते स्टिकर आले, केकशेजारचा, मार्कांचा, सगळे.

"उतर की. कोरडं हाय."

धनश्रीने मोबाईल समोर धरला, केस मागे टाकले, "हाय गाइज" म्हटलं आणि ऐटीत पाय टाकला. पापुद्रा मोडला. पचक! एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला दुसरा टाकला, तो मांडीपर्यंत. तोल गेला, दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात. मान वर, डोळे वटारलेले आणि तोंड हे एवढं मोठं उघडं.

सुकन्याने फोटो काढला.

अहाहा! काय फोटो होता! तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला, सावकाश.

"मी खाली चाललेय! आई गं! ए म्हशे, ओढ ना मला!"

सुकन्याने मोबाईल पिशवीत ठेवला, वल्हं आडवं ठेवलं आणि डोंगराकडे बघत बसली. तिचे वडील बाजारात असेच बसतात. गिऱ्हाईक कितीही बडबड करू दे, हे दुसरीकडे बघत तंबाखू मळतात. गिऱ्हाईक आपोआप भावावर येतं.

"ऐकू येत नाही का?"

डोंगरावर एक ढग होता. छान होता.

"सुकन्या..." धनश्रीचा आवाज एकदम बारीक झाला. "सुकन्या, प्लीज. मला खरंच भीती वाटतेय."

"हा, आता बरोबर बोललीस. हंबर बघू एकदा."

"काय?"

"न्हाई, चुकलं. हंबरते गाय. म्हैस रेकते. रेक."

धनश्री रेकली नाही. रडायला लागली. गाळाने माखलेला हात डोळ्याला लावता येईना, म्हणून तशीच, उघड्या तोंडाने. हे काही सुकन्याने ठरवलं नव्हतं. ठरवलं होतं त्यात हसू होतं, रडणं नव्हतं. तेवढ्यात बाकीच्या होड्या पलीकडच्या खडकाला लागल्या, पोरं धावत आली आणि वरून बघून हसायला लागली. हर्षल सगळ्यात मोठ्याने. वॉटरपार्कला पण तोच सगळ्यात मोठ्याने हसला होता.

"फोटो काढ, फोटो काढ!"

"ए शहाण्या, दात बंद कर आणि दोरी धर!" सुकन्या गरजली. हर्षलचे दात खरंच बंद झाले. होडीच्या नाकाची दोरी सोडून तिने एक टोक खडकावर फेकलं. "धनश्री, पाय झाडू नको. झाडले की आणखी आत जातात. हे वल्हं छातीखाली घे आणि पोटावर पड."

"इथे? गाळात?"

"मग काय गादी आणू?"

गावतळ्यात म्हैस रुतली की वडील कशी काढतात ते सुकन्याने लहानपणापासून पाहिलं होतं. दावं गळ्याला लावायचं नाही, पुढच्या पायांच्या मागून घ्यायचं, आणि समोरून न ओढता कडेने ओढायचं. तिने दोरी धनश्रीच्या काखेखालून फिरवून गाठ मारली.

"मी हैक म्हनलं की ओढायचं, सगळ्यांनी! हैऽऽक!"

"हैऽऽक!" अख्खा वर्ग खडकावरून ओरडला.

पचाक्! एक पाय सुटला. "हैऽऽक!" दुसराही सुटला, बूट मात्र दोन्ही धरणाला राहिले. धनश्री पोटावर घसरत खडकाला लागली, नखशिखांत काळी, फक्त डोळे पांढरे.

"पक्की म्हैस!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग खदाखदा हसला. सुकन्याही हसली. झाला की सूड. तंतोतंत झाला.

मामा धापा टाकत वल्हं मारत आला. त्याने धनश्रीचे हातपाय चाचपले, पाणी पाजलं, तिच्या अंगावर घोंगडी घातली. मग सुकन्याला बाजूला घेतलं.

"तुला तर ती खोबन म्हाईत हुती की गं."

"व्हय."

"पोरगी घाबरून आडवी पडली असती, तोंड गाळात गेलं असतं, मंग?" मामा हळू आवाजात बोलत होता, म्हणून जास्त लागलं. "माज्या धंद्याचं तर सोड. पन तू काय केलं असतं?"

सुकन्याने पायाच्या अंगठ्याने खडक उकरायचा प्रयत्न केला. खडक काही उकरत नाही.

परतीच्या बसमध्ये धनश्रीशेजारी कुणी बसेना, गाळाचा वास येत होता. सुकन्या जाऊन बसली. राजूर आलं तशी मोबाईलला रेंज आली आणि मागून ओरडा सुरू झाला, "सुकन्या, फोटो टाक! स्टिकर कर!"

सगळे तिला सुकन्या म्हणत होते. एका फोटोसाठी.

"टाकणार तू?" धनश्रीने खिडकीबाहेर बघत विचारलं.

"टाकनार."

"पाया पडू का?"

"नको. बुटं न्हाईत तुला, उठलीस तर उगं पायाला थंडी वाजंल."

सुकन्याने मोबाईल काढला आणि बराच वेळ काहीतरी करत बसली. मग पाठवलं. बसभर टिंग टिंग वाजलं. स्टिकरमध्ये दोन तोंडं होती. डावीकडे वॉटरपार्कमधली सुकन्या, उजवीकडे गाळातली धनश्री, दोघींची तोंडं सारखीच वासलेली, दोघी एकाच दावणीला. खाली लिहिलं होतं: 'घोडेगाव बाजार. जोडी फोडून मिळणार नाही.'

धनश्री बघतच राहिली. "डिलीट कर."

"आधी तू तुझा कर."

"माझा कसा होणार? सगळ्यांनी सेव्ह करून ठेवलाय. प्रत्येकाच्या फोनमध्ये..." ती मध्येच थांबली.

"बोल की. थांबलीस का?"

घोंगडी गळ्यापर्यंत ओढून धनश्रीने स्टिकर पुन्हा उघडला.

"निदान मला डावीकडे ठेवायचं होतंस," ती पुटपुटली. "माझी ती बाजू चांगली दिसते."

सुकन्याला हसू फुटलं. दात न झाकता, डोळे मिटून, तोंड हे एवढं मोठं उघडून ती हसली. मागून कुणाच्या तरी मोबाईलचा फ्लॅश चमकला.

"काढा," सुकन्या म्हणाली, "आनखी एक काढा!"