शेगडीबाबांची खिडकी

लॉंड्रीच्या माडीवर आणखी एक बाई कोसळली, आणि जिन्यापर्यंत दाटलेल्या गर्दीने हात जोडले.

"आई दिसली मला," शुद्धीवर येताच ती डोकं गच्च धरून पुटपुटली.

गणिताच्या बाईंनी आत डोकावून पाहिलं. मधोमध कोळशाची शेगडी धगधगत होती. खिडकी घट्ट बंद होती. मंत्र म्हणणाऱ्या शेगडीबाबांचं आसन मात्र दाराच्या फटीला चिकटलेलं.

"गेलेल्यांना वारा सोसत नाही," बाबा म्हणाले. "खिडकी लावा, आणि शंका चपलांसारखी बाहेर काढून ठेवा!"

बाईंची धाकटी जाऊ उद्या तिथे बसणार होती. तिचं पहिलं बाळ गेलं होतं; दुसरं पोटात होतं.

"त्याला एकदाच पाहीन, ताई. अडवू नका."

दीर कारखान्यात बॉयलरवर होता. विषारी वायू मोजायचं यंत्र त्यांनी त्याच्याकडून मागून आणलं.

दुसऱ्या दिवशी त्या सर्वांसमोर म्हणाल्या, "बाबा, आधी रिकाम्या खोलीत होऊ द्या. मंत्रात जोर असेल, तर यंत्राला कशाला भ्यायचं?"

गर्दीसमोर बाबांना माघार घेता येईना.

यंत्र आत ठेवलं. दाराच्या काचेतून काटा दिसत होता. दर खेपेला खोली हवेशीर करायची, मग तितकाच वेळ थांबायचं, आणि एका खेपेला एकच गोष्ट बदलायची, असं बाईंनी ठरवलं.

खिडकी बंद, दाराबाहेरून बाबांचा मंत्र चालू: काटा लाल पट्ट्यात. मंत्र बंद: काटा तिथेच. मंत्र दुप्पट आवाजात: तरी तिथेच. मग कोळसा एक पळी वाढवला. काटा पार टोकाला गेला. कोळसा पुन्हा पहिल्याइतका ठेवून खिडकी चार बोटं उघडली, तर काटा खाली बसला. आता तीच वाढीव पळी टाकूनही तो जेमतेम हलला.

बाई गर्दीकडे वळल्या.

"बाकी सारं जसंच्या तसं ठेवायचं, एकच गोष्ट किंचित हलवायची, आणि परिणाम किती हलतो ते पाहायचं. गणितात याला आंशिक विकलज म्हणतात. मंत्राचा इथे शून्य आला. खिडकी बंद असताना कोळशाचा मोठा येतो, उघडी असताना नगण्य. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं गरगरतं, भास होतात, आणि माणूस मरतोसुद्धा."

"यंत्राला श्रद्धा नसते!" बाबा ओरडले.

"फुप्फुसांनाही नसते."

"मग तुम्ही कसे कोसळत नाही हो?" दाराच्या फटीकडे पाहत लॉंड्रीवालीने विचारलं. बाबांनी आसन गुंडाळायला घेतलं.

जाऊ भिंतीला टेकली होती. "म्हणजे माझं बाळ इथे आलंच नसतं?"

"नाही गं." बाईंनी तिचा हात धरला. "पण पोटातल्याला हा वायू तुझ्याआधी बाधला असता."

देव मानावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कशामुळे काय घडतं हे ठरवताना एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. तेवढं न केल्याने त्या माडीवर कितीतरी जण मरणाच्या दारात बसून हात जोडत होते.

जाऊ पुढे झाली. एक हात पोटावर ठेवून तिने खिडकी सताड उघडली.