दिवसाउजेडीचा फोटो

निंबोल्याच्या भिकन पाटलांच्या घरी त्या सकाळी दराबा घोटणं चाललं होतं. धाकट्या निशाचं लग्न जमत आलं होतं, मुलाकडची मंडळी दुपारी बैठकीला यायची होती, आणि बुऱ्हाणपूरकडच्या पाहुण्याला दराबा दिला नाही तर पाहुणचार झाला असं कुणी मानत नाही. रवा, तूप, पिठीसाखर हाताने फेसून फेसून पांढरीशुभ्र करायची म्हणजे दंड भरून येतात. ते काम थोरल्या वर्षाकडे होतं. घोटून झाल्यावर आई मालूबाईंनी परात लेकीपुढून उचलली आणि देवापुढे नैवेद्य ठेवायला निशाला हाक मारली. वर्षा पदराला हात पुसत मागच्या दारी जाऊन बसली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच उरली नव्हती.

वर्षा विधवा होती, आणि नव्हतीही. पहिला नवरा केळीच्या बागेत मोटार सुरू करताना विजेचा धक्का बसून गेला. पुढे जैनाबादच्या योगेंद्रचं स्थळ आलं. तो कॅनडात ट्रक दुरुस्त करतो, तिथलाच नागरिक झाला आहे. त्याचीही बायको आजारात गेली होती. प्राजक्ता नावाची लहान मुलगी मागे होती. दोघं फोनवर महिनोन्‌महिने बोलली, एकमेकांना पसंत पडली, आणि घरच्यांनीही होकार दिला.

होकार दिला खरा, पण कसा? बिजवर पुरुषाने कुमारिका केली तर बँड वाजतो, जेवणावळी उठतात. बाईचं दुसरं असलं की मात्र ‘पाट’ लागतो. वद्य पक्षातली रात्र, घरामागचा गुरांचा गोठा, एक भटजी आणि दोन म्हाताऱ्या विधवा. सवाष्णींनी त्या जोडप्याचं तोंड पाहायचं नाही, म्हणून मालूबाई आतल्या खोलीत दार लावून बसल्या होत्या. उजाडायच्या आत जोडपं वेशीबाहेर गेलं. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात होता, पण फोटो एकानेही काढला नाही. नंतर नोंदणी मात्र रीतसर झाली. योगेंद्रला वाटलं, कागद आहे ना, मग झालं. तो कॅनडाला परतला आणि व्हिसा येईपर्यंत वर्षा माहेरी राहिली.

व्हिसा पहिल्यांदा नाकारला. दुसऱ्यांदाही नाकारला. कारण तेच: हे लग्न खरं वाटत नाही, समारंभाचा, घरच्यांच्या उपस्थितीचा काहीही पुरावा नाही. हे ऐकून मला त्या व्हिसावाल्या साहेबाचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण मग वाटलं, त्याचं काय चुकलं? ज्या लग्नाची आईबापांनाच लाज वाटते, ते परक्याने खरं का मानावं?

वर्षाची केस आता इंदूरच्या ज्योती वकील पाहत होत्या. त्या सकाळी पाहुणे येण्याआधीच त्या घरी आल्या. ओसरीवर त्यांनी सगळ्यांना बसवलं.

“काकू, काही खोटं करायचं नाही. पाट कसा लागतो ते तुम्ही आणि काकांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. योगेंद्र पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. तेव्हा दिवसा एक साधा स्वागत समारंभ करा आणि लेकी-जावयाशेजारी उभ्या राहा. समारंभ नंतर झाला हेही आपण स्पष्ट लिहू. केस मजबूत होईल.”

मालूबाईंनी लुगड्याचा काठ चुरगळला. “तुमचं बरोबर आहे बाई. पण निशाचं होऊ द्या अगोदर. पाटाच्या पोरीचा मांडव घातला तं तिचे सासरचे काय म्हणतीन? मले हिलेबी उजवायची आहे.”

“माय, फोटोत फक्त उभं राह्यचं आहे,” वर्षा म्हणाली. “तिकडे ती पोरगी रोज विचारते, कधी येशीन म्हणून.”

“सवाष्णीनं त्या जोडप्यासंगं उभं राह्यचं नसते, तुले माहीत नाही काय?”

“मीबी सवाष्णच आहे ना आता?”

भिकन पाटलांनी पानाचा देठ खुडला आणि बागेत पाणी सोडायचं निमित्त करून ते उठले. बरा माणूस होता तो. अशा बऱ्या माणसांनीच ही रीत टिकवली आहे.

ज्योती वकील गेल्यावर भाऊ भूषण बहिणीजवळ आला. तो बुऱ्हाणपुरात पावरलूमवर कापड विणायच्या कामाला होता. “टेन्शन मत ले, ताई. उन्हें फोटोच पाहिजे ना? मी जमवतो सगळं.”

आणि त्याने जमवलं. योगेंद्र आल्यावर गावापासून लांब, शहरातला एक हॉल घेतला. घरचं कुणी येणार नव्हतं, म्हणून लूमवरचे कामगार बायकापोरांसह नटूनथटून आले. मुकादम कडू आणि त्याची बायको वधूचे आईबाप म्हणून विधीला बसले. योगेंद्रला हे पटत नव्हतं, पण दोन नकारांनी तो खचला होता. वर्षाच्या कपाळाला बाशिंग बांधलं, परक्या बायकांनी तिला हळद लावली, आणि अक्षता टाकताना कडूच्या बायकोचे डोळे खरोखर भरून आले. सख्ख्या आईने जे केलं नाही ते या बाईने उसन्या नात्यात केलं. ज्योती वकिलांना न विचारता भूषणने एका एजंटाकडून अर्ज भरला. फोटोखाली पाटाचीच तारीख घातली आणि लिहिलं, ‘वधूचे आई-वडील’. वर्षाने सही केली. दुसरं काय करणार होती?

दिल्लीला मुलाखत झाली. साहेबाने तो फोटो पुढे सरकवला. दुभाष्याने विचारलं, “ही तुमची आई?”

भूषणने तिच्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं. वर्षाने फोटोतल्या कडूच्या बायकोकडे पाहिलं. तिच्या तोंडून ‘हो’ निघेना.

“नाही,” ती म्हणाली. “माझी आई आली नाही.”

“का?”

“तिले यायचं नव्हतं.”

मग तिने सगळं सांगितलं. गोठा, रात्र, आतून लावलेलं दार. दुभाषी मध्ये एकदा थांबला. ‘पाट’ला इंग्रजीत काय म्हणावं, ते बहुधा त्यालाही सापडत नसावं. पण खोटे फोटो सहीनिशी दाखल झाले होते. तिसरा नकार आला, आणि त्यासोबत आणखी पाच वर्षं अर्जाला बंदी. योगेंद्र मुलीची शाळा सोडून येऊ शकत नाही आणि वर्षा जाऊ शकत नाही. ज्योती वकिलांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, “खरं तुमच्याकडे होतं की, भूषण. ते पुरेसं होतं.”

निशाचं लग्न वैशाखात झालं. दारात केळीचे खांब, बँड, भर दुपारचं लख्ख ऊन. वर्षा पहाटेपासून मागच्या खोलीत दराबा घोटत होती. फोटोग्राफरने मांडवात सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि विचारलं, “घरातलं कुणी राहिलं का?”

मालूबाईंनी मागे वळून पाहिलं. आतल्या दारात वर्षा उभी होती. मायलेकींची नजरानजर झाली.

“नाही,” मालूबाई म्हणाल्या. “आले सगळे. काढा.”

त्या बाईला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आपल्या घरच्या अल्बममध्ये कोण कोण नाही, हे आपण कधी शोधलं आहे?

संध्याकाळी प्राजक्ताचा फोन आला. तिला मावशीच्या लग्नाचा फोटो हवा होता. वर्षाने भूषणकडून मागून घेऊन पाठवला. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला.

“वर्षाआई, यात तू कुठे आहेस?”

दिल्लीच्या साहेबापुढे वर्षाला खोटं बोलता आलं नव्हतं. आता ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, “मी फोटो काढत होते, बाळा.”